शॉर्ट शिफ्टर मागवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांनी इतकी वर्षं सांभाळलेली १९७२ ची एमजीबी रोडस्टर, ही ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स कार, आता तुमच्याकडे माटुंग्याला आली आहे. गिअरची दांडी ढिली आहे, न्यूट्रलला खुळखुळते आणि दुसरा टाकताना कर्र होतं. पहिली सुधारणा म्हणून इंग्लंडहून शॉर्ट शिफ्टरचं, म्हणजे हाताची चाल कमी करणाऱ्या दांडीचं, किट मागवावं, असं तुमच्या मनात आहे.

माझं उत्तर: आत्ता मागवू नका. तुम्ही सांगता ती तिन्ही लक्षणं दांडीच्या लांबीमुळे येत नाहीत. आधी जे झिजलंय ते मूळ मापावर आणा. एमजीबीची दांडी मुळातच आखूड आहे आणि तिची चाल चांगल्या अवस्थेत इतकी नेटकी असते, की ती एकदा हाताला लागली तर किटची आठवणही येणार नाही कदाचित. ती तुम्ही अजून अनुभवलेलीच नाही. तुमच्या हातात आज आहे ती पन्नास वर्षांची झीज.

मी गिअरचं काम शिकलो ते पद्मिनी टॅक्सींवर. स्टिअरिंगखालच्या त्या गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे असत, आणि प्रत्येक सांध्यात एकेक बुश, म्हणजे झीज सोसणारी छोटी नळी. पहिला लागत नाही म्हणून टॅक्सी आली की आमचे वस्ताद गिअरबॉक्सकडे बघायचेही नाहीत, आधी बुश चाचपायचे. दहापैकी आठ गाड्या तिथेच बऱ्या व्हायच्या. एमजीबीत सळ्या नाहीत, दांडी थेट गिअरबॉक्सच्या मागच्या भागावर बसते. पण चाचपण्याचा क्रम तोच.

आधी शॉर्ट शिफ्टर नेमकं काय करतं ते बघा. दांडी एका गोळ्यावर झुलते. गोळ्याच्या वर लांब भाग, खाली छोटं टोक, आणि ते टोक सिलेक्टरच्या खाचेत बसून आतले दांडे सरकवतं. किट या वरच्या-खालच्या भागांचं प्रमाण बदलतं. हाताची चाल कमी होते, पण आत सरकायचं अंतर तेवढंच राहतं, म्हणून जोर वाढतो. चाल दहा सेंटिमीटरवरून साडेसातवर आली असं धरा, तर हाताला लागणारा जोर एक तृतीयांशाने वाढला. तो जोर जातो सिंक्रोच्या पितळी रिंगवर. ती रिंग दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणाऱ्या भागांना घासून एका वेगावर आणते, आणि त्याला क्षणभर वेळ लागतो. चाल आखूड झाली की आपण तो क्षण देत नाही, दांडी झटकन ढकलतो. तुमचा दुसरा आत्ताच कुरकुरतोय. त्याच्यावर आणखी जोर टाकणं मला मंजूर नाही.

याला आणखी एक कारण आहे. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र वर काढावे लागतात. क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन बाहेर. म्हणजे सिंक्रोची एक रिंग संपवली, की रेडिएटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं सुटणार. म्हणून या गाडीत सिंक्रोला जपायचं.

आता एक गोष्ट अशी, की जी किट बसवून खूश झालेले लोकही सहसा ओळखत नाहीत. दांडीच्या खालच्या टोकाला एक मिलिमीटर झीज झाली आणि वरचा भाग खालच्याच्या पाचपट असला, तर नॉबला ती पाच मिलिमीटर जाणवते. किटने हे प्रमाण कमी केलं की तीच झीज वर कमी जाणवते. दांडी घट्ट झाली असं वाटतं, पण झीज आहे तिथेच असते. शिवाय नव्या दांडीबरोबर नवा बुश बसवला जातो. लोकांना जो फरक आवडतो त्यातला मोठा वाटा त्या बुशचा असतो, आणि तो तुम्हाला किटच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत मिळू शकतो.

काहीही खोलण्याआधी तीन चाचण्या करा. सोसायटीच्या आवारातच होतील.

पहिली, इंजिन बंद ठेवून. क्लच दाबा आणि चारही गिअर सावकाश टाकून पाहा. एखादा लागला नाही तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा टाका, दात समोरासमोर आलेले असतात एवढंच. बंद गाडीत दांडी सगळीकडे विनातक्रार जात असेल, तर आतले दांडे आणि फोर्क ठीक आहेत असं धरायला हरकत नाही.

दुसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच पूर्ण सुटत असेल तर पाच सेकंदांत आतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स शांतपणे लागतो. पाच मोजूनही कर्र झालं, तर तुमचा क्लच पूर्ण सुटत नाही, आणि दुसऱ्याच्या कुरकुरीचा दोष सिंक्रोला देण्यात अर्थ नाही. मग पेडल दोनदा भराभर मारून तिसऱ्यांदा दाबून ठेवा आणि पुन्हा रिव्हर्स टाका. आता शांत लागला तर क्लचच्या फ्लुइडच्या लाइनीत हवा आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहेत.

तिसरी चाचणी रस्त्यावर. तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटर दाबा, मग एकदम सोडा, आणि दांडीकडे बघा. ती पुढे-मागे उडी मारत असेल तर इंजिनाची आणि गिअरबॉक्सखालची रबरी माउंटिंग दबून निकामी झाली आहेत. ती बदलायची.

दुसऱ्या चाचणीवर मी एवढा भर देतो, कारण ती न केल्याची किंमत माझ्या एका गिऱ्हाइकाने भरली आहे. नव्वदच्या दशकात माझ्याकडे भायखळ्याला एक एमजीबी आली. मालकाने परदेशातून आखूड दांडी आणून बसवली होती आणि दुसरा तरीही कुरकुरत होता. मी ऐकलं आणि निदान करून टाकलं: सिंक्रो गेला. इंजिन काढलं, बॉक्स उघडला, दुसऱ्याची रिंग बदलली, सगळं परत चढवलं. महिना गेला. पहिल्याच फेरीत दुसरा पुन्हा कर्र. त्या रात्री मी पेडलच्या वरचं झाकण काढलं, तेव्हा दिसलं की पेडलला मास्टर सिलिंडरच्या (पेडलजवळच्या, फ्लुइड ढकलणाऱ्या) सळीशी जोडणारी क्लेव्हिस पिन निम्मी झिजली होती आणि पेडलचं भोक लंबगोल झालं होतं. क्लच शेवटचा थोडासा सुटतच नव्हता. पिन बदलली, भोक भरून पुन्हा गोल केलं, आणि गाडी बरी झाली. मजुरी मी घेतली नाही, पण त्या माणसाचा महिना मला परत देता आला नाही.

म्हणून रिव्हर्स कुरकुरला तर सुरुवात इथून करा. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला पेडल बॉक्सचं झाकण आहे, ते काढून टॉर्चने बघा आणि पेडल हाताने हलवा. पेडल हलतं आणि मास्टरची सळी मात्र थांबून राहते, असं दिसलं तर तेवढी चाल वाया जाते आहे. अशीच दुसरी पिन खाली, स्लेव्ह सिलिंडरची (तेच फ्लुइड ज्याला ढकलतं त्या क्लचजवळच्या सिलिंडरची) सळी क्लचच्या फोर्कला मिळते तिथे असते. दोन्ही एकदमच बदला. मग कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि खाली स्लेव्हची सळी किती सरकते ते पट्टीने मोजा. साधारण अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर सरकली पाहिजे. नऊ-दहा भरत असेल तर पिना, हवा, रबर किंवा फुगलेला जुना होज, यांतलं काहीतरी आहे.

क्लचचं फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि मुंबईत ओलाव्याला तोटा नाही. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या स्लेव्हमध्ये गंज धरतो आणि गणपतीनंतर गाडी काढली की रबर फाटतं. दोन वर्षांतून एकदा फ्लुइड पूर्ण बदला. या गाडीत वरून पंप करून हवा निघता निघत नाही. मी स्लेव्हच्या बाजूने, खालून वर फ्लुइड ढकलतो. हवेला वर जायचंच असतं, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं.

पुढचं ऑईल. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीजमधलं, आपल्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेला मिस्त्री ही गाडी आत्मविश्वासाने उघडतो, आणि सवयीने गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं ऑईल ओततो. एमजीबीच्या बॉक्सला इंजिन ऑईल लागतं, २०डब्ल्यू५०. जाड ऑईल पितळी रिंगखालून पटकन सरत नाही, म्हणून थंड गाडीत गिअर जड जातो आणि कुरकुरतो. गाडीला ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे बसणारा, वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर आणखी जपा. लेकॉक कंपनीचं ते युनिट गिअरबॉक्सचंच ऑईल वापरतं, आणि त्याचा क्लच घर्षणावर चालतो. निसरडेपणा वाढवणारं कुठलंही ॲडिटिव्ह त्यात घालायचं नाही.

मामांनी शेवटचं ऑईल कुणाकडून भरून घेतलं हे माहीत नसेल, तर विचार न करता बदला. गाडी फिरवून गरम करा, खालचं बूच उघडा आणि निघणारं ऑईल स्वच्छ ताटात घ्या. बोटाला सोनेरी झाक लागली तर घाबरू नका, एवढ्या वयात ती असतेच. लोखंडी कपचे दिसले तर गाडी चालवू नका. काही एमजीबींत डिपस्टिक टनेलवरच्या (दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्यावरच्या) रबरी बुचाखाली असते, पुढच्या गाड्यांत बॉक्सच्या बाजूला भरण्याचं बूच असतं. तुमच्यात कोणतं आहे ते आधी शोधा आणि मगच खालचं बूच काढा. भरायचं बूच उघडत नाही हे रिकाम्या बॉक्ससमोर बसून कळू नये. तीन ते साडेतीन लिटर लागेल.

आता दांडी. हे काम तुम्ही स्वतः करावं असं मला मनापासून वाटतं. दोन तासांचं आहे, आणि आपली गाडी आपल्या हाताने उघडण्याची सुरुवात याहून चांगली नाही.

पाने इंचाचे घ्या. या गाडीचे बोल्ट यूएनएफ आट्यांचे, डोकी इंचाच्या मापाची. १३ चा पाना अर्ध्या इंचावर बसल्यासारखा वाटतो आणि बोल्ट घट्ट असला की कोपरे गोल करतो. नागदेवी स्ट्रीटला इंचाचे पाने आजही मिळतात, तीन-चार मापं पुरतात. हरवलेले यूएनएफ बोल्टही तिथेच शोधा. मेट्रिक बोल्ट आट्यांत दामटू नका, ॲल्युमिनियमच्या घरातले आटे एकदाच मिळतात.

आधी बॅटरी सोडा. १९७२ च्या गाडीत सीटांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. कुणीतरी त्या जागी बारा व्होल्टची एकच टाकली असेल तर तीही तिथेच सापडेल. मग नॉब काढा, बुटाची (दांडीभोवतीच्या आवरणाची) कडी सोडा, वरचा बूट आणि खालचा रबरी बूट वर ओढा. खालचा फाटलेला असण्याचीच शक्यता जास्त. टनेलची गरम हवा, ऑईलचा वास आणि पावसात उडणारं पाणी तिथूनच आत येतं, म्हणून तो नवीन घ्याच.

दांडीच्या बुडाशी पकडून ठेवणारी चकती आणि तिचे तीन बोल्ट दिसतील. ते सोडवण्याआधी सभोवतालची धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. तीन बोल्ट हातात आले की दांडी सरळ वर उचला. आणि उचलल्याबरोबर त्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. हे विसरू नका. खाली उघडं गिअरबॉक्स आहे. त्यात एक वॉशर पडला तर तो काढायला इंजिन उतरवावं लागू शकतं.

आता दांडीचं खालचं टोक बघा. त्यावर नायलॉनचं छोटं टोपण असायला हवं. बहुतेक गाड्यांत ते फुटलेलं असतं, नाहीतर मुळीच नसतं, आणि लोखंडावर लोखंड घासत असतं. तुमची खुळखुळ बहुधा हीच. दुसरं बघायचं ते गोळ्यापाशी. तिथे स्प्रिंगने दाबलेली एक बारीक पिन असते, तिचं कामच दांडी थरथरू न देण्याचं. ती घट्ट बसून गंजते किंवा मागच्या कुणीतरी काढताना हरवलेली असते. स्प्रिंग आणि पिन नवीन घाला. दोन्ही भाग बाहेरून येतात, बाकी काही मागवणार असाल त्याच पार्सलमध्ये मागवा, नाहीतर पाठवणावळ आणि ड्युटी मालापेक्षा जड होते.

थांबायचं नसेल तर टोपण लेथवर करून घेता येतं. दांडीच नेऊन लेथवाल्यासमोर ठेवा, मापाचा कागद नको. पण त्याला नायलॉनऐवजी डेलरिन हे कडक प्लास्टिक वापरायला सांगा. नायलॉन ओलावा शोषून फुगतं, डेलरिन फारच कमी शोषतं, आणि आपल्या जून-जुलैत हा फरक हाताला कळतो. पितळेचं करून देतो म्हणाला तर नको म्हणा. पितळ गिअरबॉक्सचा सगळा आवाज दांडीत चढवतं.

टोक स्वतःच झिजून बारीक झालं असेल तर भरून, घासून गोल करावं लागेल. दांडी वाकलेली आहे का तेही पट्टीला लावून बघा. गोळ्याला आणि टोपणाला साधं लिथियम ग्रीस बोटभर लावा, जास्त नको. बोल्ट हाताने सुरू करा आणि तिन्ही थोडेथोडे आवळा. नवा बूट बसवण्याआधी चारही गिअर आणि रिव्हर्स एकदा टाकून पाहा. टनेलमधून ओव्हरड्राइव्हच्या तारा जात असतील तर त्यांचं कव्हर कडक होऊन तडकलेलं असतं, हात लागलाच आहे तर तेही बघून घ्या.

नॉब बदलायचा असेल तर खुशाल बदला, फक्त आटे आधी तपासा. थोडा वजनदार नॉब हाताला बरा वाटतो. फोर्डचा किंवा माझदा एमएक्स-५ चा पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचं कुणी सुचवेल, परदेशात तसं करतातही. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तुमची गाडी त्या वयात बसते. टनेल कापण्याआधी याचा विचार व्हावा.

सगळं झालं की रविवारी पहाटे गाडी काढा. मरीन ड्राइव्हवर गिअरबॉक्स गरम होऊ द्या, चौपाटीवरून वाळकेश्वरच्या चढाला दुसरा-तिसरा करत तीन बत्तीला जा, आणि रिज रोडने केम्प्स कॉर्नरला उतरा. चढावर दुसरा टाकताना दांडी न्यूट्रलमध्ये क्षणभर टेकवा आणि मग दोन बोटांनी सोडा. मूठ आवळून ढकलू नका. सिग्नलला क्लच दाबून थांबायची सवय असेल तर ती आजपासून मोडा. या गाडीचं क्लच रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, पाय ठेवला की झिजतं, आणि तेही इंजिन काढल्याशिवाय बदलत नाही. दादरच्या सिग्नलला न्यूट्रल करा आणि पाय खाली घ्या.

एवढं करून दोन-तीन महिने गाडी चालवा. त्यानंतरही चाल लांब वाटली तर किट जरूर घ्या, मी हरकत घेणार नाही. फक्त काही न कापता बसणारं आणि तसंच निघणारं घ्या. मामांची मूळ दांडी ऑईलच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवा.

तोवर रिव्हर्सच्या चाचणीत काय झालं आणि स्लेव्हची सळी किती मिलिमीटर सरकली, हे दोन्ही मला कळवा. दुसऱ्याच्या कुरकुरीबद्दल त्यापुढचं त्यावरूनच सांगता येईल.